दोरउतारीचे तळे

धामणबारीची खिंड उतरून खाली आले की डाव्या हाताला एक तळे लागते. फार मोठे नाही. म्हशीने या काठाला रेकावे आणि त्या काठाच्या रेडकाने कान टवकारावेत, एवढेच. उत्तरेच्या काठावर वेळूचे एकुलते एक बेट आहे. बाकी सगळ्या डोंगरात वेळू सरळ वाढतो. या बेटातला प्रत्येक वेळू मात्र कमानीसारखा वाकून पाण्यावर झुकलेला. त्याला कुणी कोयता लावत नाही.

तळ्याच्या अलीकडे वाटेवर एक काळा खडक आहे. तिरकमठा खांद्याला लावून येणारा माणूस, मग तो नवरदेव असो की होळीचा नाच्या, या खडकापाशी थांबतो, गुडघा टेकतो आणि आपल्या कमठ्याची दोरी आपल्याच हाताने उतरवतो. सैल कमठा घेऊन तळे ओलांडतो आणि पलीकडच्या चढावर गेला की दोरी पुन्हा चढवतो. शिकार कायद्याने केव्हाच बंद झाली. दोरी उतरवणे बंद झालेले नाही. म्हणून या जागेला सातही पाड्यांत दोरउतारी म्हणतात.

तळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वेस्ताबाबा पाडवी ही गोष्ट सांगतात. आधी सगळ्यांना खाली बसवतात. "उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही," म्हणतात. "आणि मधे विचारायचं नाही. शेवटी विचारा. वाटलं तर उत्तर देईन."

फार वर्षांपूर्वी, म्हणे, या पाड्यांत खेमली नावाची बाई तिरकमठे बांधायची. तिचा नवरा जोगड्या अस्वलांचा शिकारी होता. तो गेल्यावर त्याची हत्यारे तिने भिंतीवरून उतरवली नाहीत आणि आपले कमठे बांधण्याचे कामही थांबू दिले नाही. वेळू ती अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, म्हणजे त्याला कीड धरत नाही. तोडलेला वेळू तीन वर्षे चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायची. मग तासणे, शेकणे, मोहाच्या बियांचे तेल चोळणे. दोरीसुद्धा वेळूच्याच सालीची, कारण आतड्याची तात पावसाळी हवेत सैल पडते आणि साल पडत नाही. बाणाला पिसे लावायची ती एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या पंखाचे एक आणि उजव्याचे एक लावले तर बाण हवेत कुणाचेच ऐकत नाही, असे ती म्हणे.

पण तिचे नाव झाले होते ते मापासाठी. कमठा मागायला आलेल्या माणसाला ती आधी भिंतीशी उभा करायची आणि कमठ्याचे टोक त्याच्या भुवईला येते का बघायची. मग एक जुना कमठा हातात देऊन ओढायला लावायची आणि ओढून धरून ठेवायला सांगायची. त्याच्या हाताकडे तिचे लक्षच नसे. ती खांद्याकडे बघे. दहा श्वासांच्या आत खांदा थरथरला की हलका कमठा. कितीही मोठा कारभारी असो, हलका म्हणजे हलका. "डोळ्यात भरेल तो कमठा नको घेऊ, हातात राहील तो घे," एवढे एकच वाक्य ती सगळ्यांना ऐकवायची.

आणि पाड्यांचा एक नियम होता. तो खेमलीचा नव्हता, तिच्या आज्याच्याही आधीचा होता. पाण्यावर आलेल्या जनावरावर बाण सोडायचा नाही. माळावर गाठा, झाडीत गाठा, माग काढत दोन दिवस पायपीट करा. पाण्यावर आलेले जनावर पाहुणे.

त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. चैत्रातच सगळे ओढे आटले. सात पाड्यांना आणि सगळ्या रानाला मिळून हे एकच तळे उरले, तेही निम्मे.

नेमक्या त्याच वैशाखात खालच्या गढीच्या राजाकडे शेजारच्या संस्थानाचा राजपुत्र पाहुणा आला. घोड्यावरून भाल्याची शिकार त्याने पुष्कळ केली होती. त्याला डोंगरातल्या लोकांसारखी तिरकमठ्याने शिकार करायची होती. राजाला पाहुण्यापुढे कमी पडायचे नव्हते. मीरशिकाराला, म्हणजे आपल्या शिकारखान्याच्या मुख्याला पुढे घालून दोघेही खेमलीच्या अंगणात आले.

खेमलीने आधी पाहुण्याला भिंतीशी उभे केले.

"अगं ए, राजपुत्र आहेत ते!" मीरशिकार ओरडला.

"असू दे. भुवई आहे ना त्याला?"

राजपुत्र हसला आणि मुकाट्याने उभा राहिला. सातव्या श्वासाला त्याचा खांदा थरथरला. खेमलीने त्याला बायकापोरांच्या हातचा वाटेल असा हलका कमठा दिला. "रानात याने काय काय होतं ते ये सांगायला," म्हणाली.

मग ती राजाकडे वळली. राजा भिंतीकडे गेलाच नाही. त्याची नजर वर टांगलेल्या एका कमठ्यावर खिळली होती. मनगटाएवढा जाड, तेलाने काळाभोर झालेला, दोरी उतरवलेला. तो जोगड्याचा कमठा होता.

"तो काढ."

"तो तुझ्या हाताचा नाही," खेमली म्हणाली. डोंगरात राजालाही 'तू'च म्हणत.

"माझ्या हाताचं मोजमाप तू करणार? काढ म्हणतो ना!"

खेमलीने कमठा काढला. दोरीचे एक टोक बांधलेलेच होते. दुसरे टोक हातात धरून, कमठ्याच्या पोटात गुडघा रोवून एका दमात तिने दोरी चढवली आणि कमठा राजाच्या हातात दिला. राजाने बघितले ते इतकेच, की एका पिकल्या केसांच्या बाईने दोरी चढवली. मग त्यात काय मोठे!

"विसाव्याला बसशील तेव्हा दोरी उतरव," खेमलीने सांगितले. "चढवलेला कमठा रात्रंदिवस ठेवला की तो थकतो. थकलेल्या कमठ्याला पुन्हा जीव येत नाही."

राजाने मान हलवली. ऐकले होते की नाही, देव जाणे.

दुसऱ्या सकाळी पाड्याचा कारभारी रेवज्या धापा टाकत आला. रेवज्या हा खेमलीचा धाकटा दीर. "वहिनी, राजाने मचाण तळ्यावर बांधलेत. बाकीच्या सगळ्या वाटांना काट्याची कुंपणं घातलीत. एकच वाट मोकळी ठेवली, मचाणाखालून जाणारी. आणि पाड्यातल्या सगळ्या गड्यांना तिरकमठे घेऊन यायला सांगितलंय. राजाच्या बाणातून सुटेल ते जनावर आपण मारायचं."

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? नाही म्हणालो तर पाडे उठवीन म्हणतो. सगळे तिरकमठे जाळीन म्हणतो."

खेमली उंबऱ्यावर बसली. तिला सगळ्यात जास्त टोचले ते हे, की राजाच्या हातातला कमठा तिने स्वतः चढवून दिला होता. तिच्या गुडघ्याने, तिच्या नवऱ्याचा. त्यावरचे बाण तिने बांधले होते. रानातल्या तहानलेल्या जनावराच्या बरगडीत जे जाईल, ते तिच्या हातचे असेल.

ती उठली, रिकाम्या हाताने निघाली आणि तळ्यावर जाऊन राजाच्या मचाणाखाली पाण्यापासून हातभर अंतरावर बसली. वरून मीरशिकाराने हाका मारल्या. ती वर न बघता बोलली. तिचे बोलणे पाण्यावरून दोन्ही काठांना ऐकू गेले, असे सांगतात.

"या पाण्यावर एक जरी दोरी चढलेली असली, तरी माझ्या ओठाला पाणी नाही."

शिपायांनी तिला उचलून माळावर नेऊन टाकले. ती परत आली. पुन्हा नेले, पुन्हा आली. तिसऱ्यांदा शिपाई उतरले तेव्हा राजपुत्र मचाणावरून म्हणाला, "राहू द्या हो. बसलीय तर बसू दे. एका म्हातारीशी किती झटापट करायची?" पाहुण्याचे मन मोडणे राजाला बरे दिसेना. बसू दिले.

संध्याकाळी पहिले जनावर आले. एक सांबरीण. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली. वास माणसांचा येत होता, तरी येत होती. तहान अशीच असते. राजाने बाण जोडला आणि ओढला. कमठा निम्मा वाकला आणि तिथेच राहिला. राजाचा खांदा थरथरला, दात वाजले आणि बाण सुटून मचाणाच्या पायथ्याशी पाण्यात पडला. सांबरीण उधळली. तिला एक घोटसुद्धा मिळाला नव्हता.

पाहुण्याने बाण सोडलाच नव्हता. तो खाली बसलेल्या बाईकडे बघत होता. अंधार पडल्यावर त्याने आपल्या कमठ्याची दोरी उतरवून बाजूला ठेवली. राजाने उतरवली नाही.

का उतरवली नाही? वेस्ताबाबा इथे थांबतात आणि पाहुण्यांकडे एकेक करून बघतात. कारण उतरवली असती तर सकाळी पुन्हा चढवावी लागली असती. पाहुण्यासमोर, शिपायांसमोर, पाड्यातल्या गड्यांसमोर. आणि ती आपल्याच्याने चढणार नाही, हे राजाला पहिल्याच ओढीत कळून चुकले होते.

म्हणून राजा चढवलेला कमठा कुशीत घेऊन झोपला. दुसरा दिवस तसाच गेला. वैशाखाच्या उन्हात मचाणावर तो चढवलेला कमठा तापत राहिला. खाली खेमलीचे ओठ फुटले. रेवज्या द्रोणात पाणी घेऊन आला.

"वहिनी, घोटभर घे. कुणी बघत नाही."

"तुझा कमठा कुठंय?"

तो त्याच्या खांद्यावरच होता. चढवलेला.

"मग कुणी बघत नाही कसं म्हणतोस? मी बघतेय की," खेमली म्हणाली. "जा. आणि ते पाणी सांडू नकोस, तळ्यात परत ओत."

तिसऱ्या संध्याकाळी सांबरीण पुन्हा आली. आता ती चालत नव्हती, पाय ओढत होती. वीस पावलांवर थांबली. राजाने बाण जोडला. या वेळी कमठा सहज वाकला. राजाला वाटले, आपला हात बसला. हात बसला नव्हता; कमठा थकला होता. बाण मरगळल्यासारखा निघाला आणि सांबरिणीच्या अलीकडे दहा पावलांवर मातीत लोळला. ती पळालीसुद्धा नाही. नुसती चार पावले मागे सरकून झाडीच्या कडेला उभी राहिली.

मागच्या मचाणावर कुणीतरी हसले. पाहुणा होता की शिपाई, ते कधीच कळले नाही.

राजा खाली उतरला. कमठा खेमलीच्या समोर धरून म्हणाला, "खोटा माल दिलास मला! आता सगळ्यांदेखत सांग, की कमठा खराब होता. सांग, आणि घरी जा. नाहीतर आज सगळ्या पाड्यांचे तिरकमठे इथे, या काठावर जाळतो. पुन्हा या डोंगरात कुणाच्या हाती कमठा दिसला, तर तो हात राहणार नाही."

एक वाक्य बोलायचे होते. 'कमठा खराब होता.' सात पाडे वाचत होते. रेवज्या हात जोडून उभा होता, आणि त्याने हात राजापुढे जोडलेत की वहिनीपुढे, ते त्यालाही सांगता आले नसते. खेमलीची जीभ टाळूला चिकटली होती.

"कमठा खराब असेल तर सगळ्यांचे तिरकमठे मीच जाळीन. माझ्या हाताने," ती म्हणाली. "तू एक कर. दोरी उतरव आणि परत चढव. खराब कमठा चढवतानाच मोडेल. सगळ्यांना दिसेल. मी सांगायची गरजच काय?"

राजा हलला नाही.

"चढव की. त्या दिवशी मी चढवली तशी. तुझा हात तर माझ्या मापात बसत नव्हता."

राजाने कमठा मीरशिकाराकडे फेकला. मीरशिकाराने गुडघा लावला, कमठा दाबला, आणि कमठा त्याच्या पायाखालून निसटून त्याच्याच नडगीवर बसला. तो लंगडत बाजूला झाला. राजाने कमठा उचलून रेवज्यापुढे धरला.

"कारभारी, तू उतरव. आणि चढव."

डोंगरातला कोणताही गडी ते काम डोळे मिटून करू शकला असता. रेवज्यासुद्धा. त्याने कमठ्याकडे बघितले. आपल्या मेलेल्या भावाचा कमठा त्याने ओळखला नसेल असे कसे म्हणावे? मग त्याने आपल्या खांद्यावरचा स्वतःचा कमठा काढला, गुडघा टेकला आणि त्याची दोरी उतरवली.

"राजा, ज्याचा त्याने उतरवायचा असतो," तो म्हणाला.

त्याच्यामागे दुसऱ्याने गुडघा टेकला. मग तिसऱ्याने. काठावरच्या सगळ्या गड्यांनी दोऱ्या उतरवल्या, कमठे सैल करून खांद्याला लावले आणि ते नुसते उभे राहिले. न शिव्या, न घोषणा. जाळायचे तर जाळ, पण इथे बाण सुटणार नाही. राजपुत्राचा कमठा केव्हाचाच उतरवलेला होता.

सगळ्या पाण्यावर एकच दोरी चढलेली उरली.

राजाने तलवार काढली. आता बाईचे डोके उडणार, असे सगळ्यांना वाटले. राजाने वार केला तो दोरीवर. कमठ्याचे काम ज्याला माहीत आहे तो असे कधी करणार नाही. चढवलेल्या कमठ्याची दोरी हळू उतरवतात, कापत नाहीत. दोरी तुटताच तो थकलेला कमठा शेवटचा एकदा उसळला, मधोमध मोडला आणि त्याचा वरचा तुकडा राजाच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात पडले. खालचा तुकडा उडाला तो उत्तरेच्या काठावरच्या चिखलात उभा रुतला.

राजा तोंडाला शेला लावून घोड्यावर बसला आणि गेला. त्याच्यामागे त्याचे लोक गेले. राजपुत्र जाताना वाकला आणि आपला हलका कमठा त्याने खेमलीसमोर ठेवला.

रेवज्याने द्रोण भरून आणला. खेमलीने तो हाताने बाजूला सारला. झाडीकडे बोट दाखवले. सगळे लोक मागे सरले. सांबरीण आली, पुढचे पाय पाण्यात घालून उभी राहिली आणि पोटभर पाणी प्याली. मगच खेमलीने द्रोण ओठाला लावला.

पुढे चिखलात रुतलेल्या तुकड्याला कोंब फुटले, असे सांगतात. धुरात तीन वर्षे वाळवलेला आणि त्यावर सगळा जन्म अस्वलांमागे फिरलेला वेळू फुटत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी फुटला. त्याचेच हे बेट. मोडतानाची वाकण त्याच्या अंगातून अजून गेलेली नाही.

राजाने सूड का घेतला नाही, हे पाहुणे हमखास विचारतात. वेस्ताबाबा म्हणतात, "सूड घ्यायचा तर कारण सांगावं लागतं. काय सांगणार होता? दोरी चढवता आली नाही म्हणून?" गढीवर परतल्यावर राजाने आपल्या भाटाकडून लिहून घेतले, की तहानलेली हरिणी पाहून महाराजांचे अंतःकरण द्रवले आणि त्यांनी त्या सरोवरी शिकार कायमची मना केली. दात घोड्यावरून पडून गेले, असेही लिहून घेतले. मोठ्या माणसाची माघार कागदावर उतरली की तिची दया होते. डांबरी रस्त्यावर पर्यटकांसाठी हल्ली एक फलक उभा केला आहे, त्यावरही दयाळू महाराजांचीच कथा आहे. सांबरिणीची हरिणी झाली आहे. खेमलीचे नाव नाही. फलक कुणी लावला, हे विचारले तर एक कचेरी दुसऱ्या कचेरीचे नाव सांगते.

दुसरा प्रश्न नेहमीचा: खेमली तिथेच गेली का? खालच्या गावांत तसे सांगतात. पाणी ओठाला लागले आणि प्राण गेला, तिथे तिचे देऊळ बांधायला हवे वगैरे. इथे मात्र वेस्ताबाबांचा आवाज चढतो.

"मेली नाही! प्यायली आणि घरी गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षं कमठे बांधले तिने. माझ्या आज्याच्या आज्याचा कमठा तिच्या हातचा. मेलेल्या बाईला शेंदूर फासणं सोपं असतं. जिवंत राहिली की तिचं ऐकावं लागतं."

आजही धामणबारीत ज्याला आपल्या कमठ्याची दोरी आपण चढवता येत नाही, त्याच्या खांद्यावर कमठा देत नाहीत, मग लग्नाचा मांडव का अडून राहीना. आजही काळ्या खडकापाशी एकाची दोरी दुसरा उतरवत नाही. बाप मुलाचीसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक बडा पाहुणा आला होता. बरोबर गाड्या, कॅमेरे, हार. कुणीतरी त्याच्या हाती चढवलेला तिरकमठा दिला होता. पाण्यावर नेम धरल्याचा फोटो हवा होता. वेस्ताबाबा खडकावरून उठले आणि वाटेत उभे राहिले.

"आधी दोरी उतरवा, साहेब."

"हो, हो, उतरवू ना," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी कमठा मागे धरला. नेहमी कुणीतरी घेतो तसा कुणीतरी घेईल म्हणून. मागे पाड्यातले पन्नासएक लोक उभे होते. एकही हात पुढे आला नाही. साहेबांनी दोरीला हात लावून बघितला, बोट कापल्यासारखा काढून घेतला आणि घड्याळ पाहिले.

गाड्या वळून गेल्या. ऊन उतरल्यावर एक भेकर खाली आले, वाकलेल्या वेळूंच्या सावलीत पाणी प्याले आणि कुणाकडेही न बघता, रमतगमत वर गेले.